आवाज तर येते

सोमवार, रात्र

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तू वाच आणि मोठ्यानं वाच. पण चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता नको. बाबांच्या समोर खाट ओढ, तोंड त्यांच्याकडे कर आणि मग वाच. असं का सांगते ते पुढे येईलच.

गेल्या रविवारी फोनवर मी सांगत होते की मी अजून सहा महिने इथे राहतेय. बाबा म्हणाले, "सहा म्हशी? कोनं घेतल्या?" मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "आवाज तर येते, पन तू तोंडातल्या तोंडात बोलते," आणि फोन दादाकडे दिला. दादाला हसू आवरेना. मीही हसले, मग रात्री झोप लागली नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी म्हशींचं उरकते. करार वाढला आहे, सहा महिन्यांनी. बाबा, तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे: कंत्राटी नोकरी, मधे तीन महिने पगार नाही, त्यापेक्षा आर्वीला ये, बी.एड. कर, कुठल्यातरी कॉलेजात चिकट. तीन महिने पगार अडकला हे खरंच. पण तो निघाला तो आमच्या ऑफिसातल्या बाबूमुळे. हा माणूस स्वतःही कंत्राटी. फाईल काखेत मारून तो आठवडाभर इमारती-इमारतीतून फिरला आणि सह्या झाल्याशिवाय जेवायला गेला नाही. मोठ्या लोकांनी 'बघू' म्हटलं, यानं बघितलं.

गावात तुम्ही 'पोरगी मिलिटरीत आहे' असं सांगता म्हणे. तसं नाही हो. पुलगावच्या दारूगोळा डेपोचं गेट एसटीतून दिसायचं, तेवढीच माझी आणि मिलिटरीची ओळख होती. मी विद्यापीठात शिकवते, फक्त माझ्या वर्गात बसणारे सगळे फौजी आहेत. चौकातले पोट्टे मला 'चिनी मास्तरीण' म्हणतात, ते मात्र बरोबर आहे.

दिल्लीला संरक्षण खात्याची परदेशी भाषांची शाळा १९४८ पासून आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. पण सगळे फौजी दिल्लीला कसे जाणार? चीनच्या सीमेवर दोन्हीकडचे अधिकारी बोलणीसाठी भेटतात अशा ठरलेल्या पाच जागा आहेत: चुशूल, दौलत बेग ओल्डी, नथु ला, बुम ला आणि किबिथू. तिथे दुभाषा लागतो. आणि बोलणीच्या टेबलाबाहेर, बर्फात समोरासमोर गाठ पडली तर तिथे दुभाषा कुठून आणायचा? समोरचा 'थांबा' म्हणतोय की 'मागे व्हा' म्हणतोय, हे उभ्या असलेल्या जवानालाच कळायला हवं. म्हणून सैन्यानं विद्यापीठांकडे माणसं पाठवायला सुरुवात केली. एप्रिल २०२३ मध्ये आसामातल्या तेजपूर विद्यापीठाशी करार झाला, १६ आठवड्यांचा चिनीचा वर्ग. आमचाही तशाच धाटणीचा आहे. विद्यापीठाचं नाव, फौजींची नावं पत्रात लिहीत नाही. तशी सूचना आहे, आणि गावात पोस्टमनच्या आधी पत्र कोण कोण वाचतं ते मला माहीत आहे.

आमच्या विभागप्रमुख मॅडम बंगाली. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीना भवन आहे, तिथे शिकल्या. मुलाखतीत त्यांनी विचारलं, घर कुठं? मी म्हटलं, वर्धा जिल्हा, नागपूरजवळ. तर म्हणाल्या, मग तुम्हाला डॉक्टर चोळकर माहीत असतील. मला कुठले माहीत! १९३८ साली चीनला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरच्या कोटणीसांबरोबर नागपूरचे चोळकरही होते. आपल्याकडे कोटणीस सगळ्यांना ठाऊक आणि आपल्याच नागपूरचा माणूस मला एका बंगाली बाईनं सांगावा. लाज वाटली. नोकरी मिळाली पण.

दुसरे मास्तर फौजेतून निवृत्त झालेले. शिक्षण कोअरमध्ये होते, पचमढीला. बाबा, तुम्ही महादेवाला त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचात, त्याच पचमढीत सैन्याचं शिक्षण केंद्र आहे आणि तिथे परदेशी भाषा शिकवतात. मास्तरांना आपल्याकडचे यात्रेकरू चांगलेच आठवतात. "रात्रभर हर बोला, हर बोला. सकाळी वर्गात अर्धे जण पेंगलेले." बाबा, त्यात तुमचाही आवाज असेल.

याच मास्तरांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेची सैन्याची भाषाशाळा माँटेरी नावाच्या गावात आहे. तिथे स्पॅनिशला ३६ आठवडे देतात आणि चिनीला ६४. आम्हाला १६! पण त्या शाळेची सुरुवात ऐक. नोव्हेंबर १९४१, सॅन फ्रान्सिस्कोत, विमानं ठेवायच्या रिकाम्या शेडमध्ये. ४ मास्तर, ६० विद्यार्थी, भाषा जपानी. टेबल-खुर्च्या नव्हत्या, म्हणून संत्र्या-सफरचंदांच्या पेट्यांवर भागवलं. आर्वीच्या माणसाला हे चित्र लगेच दिसतं. मास्तर जपानी वंशाचे, विद्यार्थीही जवळजवळ सगळे तसेच. पुढच्याच वर्षी सरकारनं किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून छावण्यांत टाकलं आणि शाळा मिनेसोटाला हलवावी लागली. घरचे तारेच्या कुंपणात आणि पोरं त्याच सरकारच्या सैन्याला भाषा शिकवतायत. मास्तर हे सांगून गप्प बसले आणि चहा पिऊ लागले. मला काही विचारायचं सुचलं नाही.

आता शिकवायचं. आई, चिनीत 'मा' म्हणजे आईच. पण सूर बदलला की ताग, पुन्हा बदलला की घोडा, आणि चौथ्यांदा बदलला की शिव्या देणं. चार सूर आहेत. पुस्तकात त्यांचे बाण काढलेले असतात, सरळ, चढता, खाली जाऊन वर येणारा, उतरता. फौजींच्या ते डोक्यावरून गेलं. मग मी आपलं घर काढलं. पहिला सूर म्हणजे आई धुऱ्यावर उभी राहून बाबांना जेवायला हाक मारते तो, 'ओऽऽऽ', उंच आणि सरळ. दुसरा, बाबांचा 'आं?'. तिसरा, दादानं पैसे मागितल्यावर बाबांच्या घशातून खाली जाऊन वर येतो तो 'बऽरं'. आणि चौथा, पऱ्हाटीत ढोर शिरलं की निघतो तो 'हट्!'. वर्गात पंजाबी, गढवाली, तेलुगू, सगळे 'आं?' आणि 'हट्' करत बसले. मॅडम दारातून डोकावून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

अकोल्याकडचा एक हवालदार आहे. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून चुकून 'काऊन?' निघालं आणि तो मागच्या बाकावरून असा हसला जसं घरचं कुणी भेटलं. चिनीत निरोप घेताना 'चाय-चिएन' म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटू. हिंदीवाले दोन्हीकडे एकच घालतात, 'जाय-जिएन'. मी तासभर जीभ कुठं लावायची ते दाखवत होते. हा उठला आणि म्हणाला, "मॅडम, पयला चाऱ्यातला च, दुसरा चारातला." मी पाहतच राहिले. ढोराचा चारा आणि चार रुपये, दोन्ही च वेगळे, आणि आपण ते जन्मल्यापासून बोलतोय! बरोब्बर तेच दोन. दिल्लीत एम.ए.ला माझ्या बोलण्याला पोरी हसायच्या, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आणि एक. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद हिंदीत नाही, सगळं 'हम'. चिनीत आहे. 'वो-मन' आणि 'चान-मन', तोही चाऱ्यातलाच च. हवालदाराला हे एका मिनिटात कळलं, बाकीच्यांना दोन दिवस लागले. तेव्हापासून तो वर्गात जरा छाती काढून बसतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

वर्गात एक सुभेदार आहेत, तोफखान्यातले. वय दादापेक्षा बरंच जास्त. सूर अगदी पक्के, पण स, श आणि च यांत सारखा गोंधळ. श्रुतलेखनात तर अर्धं पान चुकलेलं. सहाव्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिता लिहिता वाक्य सांगत होते आणि त्यांनी भलतंच लिहिलं. त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "साहेब, लक्ष द्यायचं नसेल तर इथे बसून उपयोग काय?" ते उठून सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "सॉरी मॅडम." माझ्या बापाच्या वयाला टेकलेला माणूस.

खरं कारण शोधून काढलं आमच्या लॅबमधल्या मदतनीसानं. त्याचं काम म्हणजे हेडफोन पुसून जागेवर ठेवणं, मशीन बंद करणं. शिक्षण बारावी. त्यानं मला संध्याकाळी अकरा नंबरच्या टेबलाशी नेलं. आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलेलं होतं. म्हणाला, "मी रोज मागे आणून ठेवतो, रोज इथंच असतं. बाकी कुणाचं अर्ध्याच्या पुढे नसतं." हेडफोन कानाला लावून बघितला तर टाळूपर्यंत झिणझिण्या गेल्या.

मग सगळं जुळायला लागलं. त्यांच्या चुका व्हायच्या त्या मी फळ्याकडे तोंड करून बोलत असताना. समोर बघून बोलले की बरोबर. ते ऐकत नव्हते, माझे ओठ वाचत होते. त्यांना म्हटलं तर म्हणाले, "आवाज आता है मॅडम, शब्द साफ नहीं आते." आणि मग हळूच, की डॉक्टरकडे जाणार नाही, मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर बढतीचं काय? निवृत्त मास्तर त्यांच्याबरोबर दोन तास मैदानात चकरा मारत बोलले. काय बोलले ते सांगत नाहीत. चौथ्या दिवशी सुभेदार स्वतःहून मिलिटरी हॉस्पिटलात गेले.

परत आले तेव्हा त्यांनी मला कागद दाखवला. आडवी रेघ सरळ चालत येते आणि उजवीकडे एकदम विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. डावी बाजू म्हणजे जाड आवाज, ते शाबूत. उजवी बाजू म्हणजे बारीक, धारदार आवाज. तोफेच्या दणक्यानं ते आधी जातात. बोलण्यातले स, श असले आवाज त्याच बाजूला असतात. म्हणून बोलणं ऐकू येतं, सूर ऐकू येतो, शब्दाच्या कडा मात्र झिजून येतात. आता त्यांच्या उजव्या कानात मशीन आहे. कॅटेगरीचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगत नाही. मी त्यांची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. फळ्याकडे तोंड करून बोलणंही बंद केलं.

बाबा, तुम्ही तोफ चालवली नाही. पण किती हंगाम जिनिंगमध्ये काढले? मी लहान असताना डबा घेऊन यायचे तर सरकी काढायच्या त्या रेच्यांच्या आवाजात तुम्ही हातानं खुणा करून बोलायचात. घरी आल्यावरही थोडा वेळ ओरडूनच बोलायचात आणि आई म्हणायची, "मी काय वावरात हाव का?" आता आई समोर उभी राहून बोलली की तुम्हाला सगळं कळतं, आणि ती चुलीकडे तोंड करून बोलली की तोंडातल्या तोंडात बोलते. फोनवर तर माझं तोंडच नसतं. हल्ली तुमचं निम्मं बोलणं दुसऱ्या सुरात असतं. मी वर्गात त्याची नक्कल करून पोरांना हसवलं, त्याचं आता वाईट वाटतं.

तेव्हा कापसाची ही वेचणी झाली की सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचं. तूर सोंगून मग, हरभरा निघाल्यावर मग, असं चालणार नाही. कानाच्या डॉक्टरला जिनिंगचं आठवणीनं सांगायचं. दुखत वगैरे काही नाही, बंद खोलीत बसवतात, टुंई आवाज आला की बटण दाबायचं. सुभेदार म्हणाले, सोपं आहे. कधी कधी नुसता मळही असतो, तसं निघालं तर मी स्वतः पेढे वाटीन. मशीन लागलं तर पैसे माझे, अडकलेला पगार तसाच ठेवला आहे. आई, तूही सोबत जा आणि तिथे त्यांच्या वतीनं उत्तरं देऊ नको.

बाळाला पापा. दादाला सांग, बँकेचा कागद पाठवते.

आई, आता बाबांना विचार, काय काय ऐकलं. 'आं?' म्हणाले तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुमची,
चिनी मास्तरीण

ता. क. जवसाची चटणी पाठवशील तर दोन डबे पाठव. एक अकोल्याच्या हवालदाराला कबूल केला आहे.