ताईला, दसऱ्यानंतर

मँचेस्टर, 17 ऑक्टोबर 2021

ती. ताई,
सा. न. वि. वि.

परवा दसऱ्याला फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. प्रदर्शनं दीड वर्ष बंद, इतवारीच्या खोलीत टसरच्या साड्यांची थप्पी तशीच, आणि मोहाडीच्या विणकरांना काय तोंड दाखवायचं, एवढं बोलून तू गप्प झालीस. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

आमच्यावरही ही वेळ आली होती. सहा जणांचा स्टुडिओ. दवाखान्यांतले दिशा दाखवणारे फलक, म्हाताऱ्या माणसांना वाचता येतील अशी पत्रकं, हे आमचं काम. अशा धंद्यांसाठी इथे 2005 पासून कंपनीचा वेगळाच प्रकार आहे, आमचा स्टुडिओ त्यातलाच. नफा कमवता येतो, पण कंपनीची मालमत्ता लोकहितालाच बांधलेली असते आणि समाजाचं काय भलं केलं याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि आमचं सगळ्यात मोठं काम एका ईमेलनं गेलं. निम्मी कमाई त्या एकाच गिऱ्हाइकावर होती, तीच आमची चूक.

सरकारची फर्लो योजना होती. घरी बसवलेल्या माणसाच्या पगाराचे 80 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 2,500 पौंड. ती गेल्या महिन्यात संपली. तिघं घरी बसले, आम्ही तिघांनी सारखाच पगार कापून घेतला. पण त्याआधी सगळा हिशेब सहाही जणांपुढे उघडा केला. ताई, त्या दिवशी कोणी भांडलं नाही. आकडे दिसले की माणूस समजून घेतो.

खरी अडचण निराळीच होती. आम्ही लोकांना एका खोलीत बसवून, विचारून काम करायचो. ते बंद. ऑनलाइन केलं तर ज्यांच्यासाठी काम, ती म्हातारी माणसंच गळणार. मग पोस्टानं पाकिटं पाठवली: दवाखान्याचा नकाशा, जाड पेन्सिल, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. एका आजींनी नकाशावर निळ्या बाणाला गोल करून थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हा मला राखाडी दिसतो.’ मोतीबिंदू. चारचौघांत त्या हे बोलल्या नसत्या. आम्ही बाण बदलले, पिवळ्यावर काळे केले. आता लॉकडाऊन उठलं तरी पाकिटं चालूच ठेवली आहेत.

म्हणून सांगतो, प्रदर्शनांची वाट पाहत बसू नकोस. थप्पीतल्या साड्या किती, त्यात पैसा किती अडकला, ते विणकरांना खरं सांग, आणि पुढे काय विणायचं ते त्यांनाच विचार. नवीन साडी अर्धा विसार हातात आल्याशिवाय मागावर चढवू नको. दुकानदारांपेक्षा जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन कर. सगळा भार एकावर टाकू नकोस. करवतीच्या दातांसारख्या काठाला आडवा धागा नेणारा धोटा वेगळा लागतो, दिवसाला किती बोटं विणून होतं, हे घेणाऱ्या बाईला कळलं तर ती किंमत पाडून मागणार नाही. मला तरी तसंच वाटतं.

आईला सांग, ‘काहून फोन नाही करत’ म्हणू नको, रविवारी करतो. तोवर एक कर. विणकरांकडून काठाचे फोटो मागव, जो विणतो त्यानंच काढलेले, अगदी जवळून. करवतीचे दात दिसू देत. गिऱ्हाइकांना पाठवायचं पत्रक मी इथून करून देतो, दिवाळीच्या आत.

तुझा,
बाळू