हायमाट म्हणजे कुठलं गाव?

पुणे

प्रिय मंदार,

जर्मनीबद्दल वाचायचंय, नुसता इतिहास नको, कादंबऱ्याही हव्यात, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. आधी एक शब्द घे: 'हायमाट'. शब्दकोशात 'मायभूमी' सापडेल, पण तेवढ्यानं भागत नाही. आपण नव्या माणसाला 'तुमचं गाव कुठलं?' विचारतो, त्यातलं 'गाव' त्याला जास्त जवळचं. नाझींनी हा शब्द इतका वापरला की १९४५ नंतर अनेक जर्मनांची जीभ त्यावर अडखळू लागली. तू वाचणार आहेस ती पुस्तकं या अडखळण्यातूनच आली आहेत.

पहिलं पुस्तक नोरा क्रुगचं घे, २०१८ चं. परदेशात राहणारी ही जर्मन चित्रकर्ती त्यात आपल्या घराण्याचा नाझी काळ शोधते. हस्ताक्षरातला मजकूर, चित्रं, घरचे फोटो, दप्तरातले कागद, असं सगळं एकाच पानावर येतं. मध्येच हान्साप्लास्टची पट्टी, लाइट्झची फाइल अशा जर्मन वस्तूंची टिपणं आहेत, ती घाईनं उलटू नकोस. परदेशात राहून तिला आपलं काय वाटतं, ते तिथंच कळतं. मागवताना जपून: अमेरिकेत ते 'बिलाँगिंग' नावानं निघालं आणि इंग्लंडमध्ये 'हायमाट' नावानं. दोन पुस्तकं समजून दोन्ही मागवशील.

क्रुग आपल्या आजोबांचे युद्धानंतरचे कागद शोधते. ते नीट कळायला 'फ्रागेबोगेन' माहीत हवा. कोण नाझींच्या किती जवळ होतं ते ठरवायला अमेरिकनांच्या ताब्यातल्या भागात भरून घेतलेला हा १३१ प्रश्नांचा छापील फॉर्म. कुठल्या संघटनेत होतात, उत्पन्न किती, परदेशी कुठं गेलात, इतकंच काय, नोव्हेंबर १९३२ मध्ये मत कुणाला दिलंत, हेसुद्धा त्यात विचारलेलं. मग चौकशी मंडळ माणसाला पाचांपैकी एका वर्गात बसवी: मुख्य गुन्हेगार, गुन्हेगार, कमी गुन्हेगार, 'मिटलॉयफर' आणि निर्दोष. मिटलॉयफर म्हणजे नुसतं 'मम' म्हणणारा. या वर्गात ढिगानं माणसं गेली, कारण शेजारी, पाद्री, ओळखीचे लोक चांगल्या वागणुकीची पत्रं देत. लोकांनी त्या पत्रांना धुण्याच्या पावडरीवरून 'पेर्सिलशाइन' नाव ठेवलं, म्हणजे डाग धुऊन देणारा दाखला. तेव्हा असं पत्र पुस्तकात आलं की तीन गोष्टी बघ: कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि लिहिणाऱ्याला स्वतःलाही असा दाखला हवा होता का. आजोबांचं काय झालं ते मी सांगत नाही.

मग हान्स फालाडाची १९४७ ची कादंबरी. तिचीही इंग्रजीत दोन नावं: 'एव्हरी मॅन डाइज अलोन' आणि 'अलोन इन बर्लिन'. मूळ घटना खरी आहे. बर्लिनच्या ऑटो आणि एलिझे हांपेल या कामगार जोडप्यानं १९४० ते १९४२ या काळात हिटलरविरोधी दोनशेच्या वर पोस्टकार्डं लिहून जिन्यांत, दारांशी ठेवली. ८ एप्रिल १९४३ ला दोघांना प्लोट्झेनझे तुरुंगात मारलं. खरं तर युद्धात गेला तो एलिझेचा भाऊ. कादंबरीत तो मुलगा झाला. एवढ्या एका बदलानं सगळ्या दुःखाचं वजन बदलतं, ते लक्षात ठेवून वाच.

याहून महत्त्वाचं आवृत्तीचं. १९४७ मध्ये प्रकाशकानं मजकूर कापला. नायिका आधी नाझी महिला संघटनेत काम करत होती, तो भाग गेला आणि ती पहिल्यापासून स्वच्छ दिसू लागली. न कापलेला मजकूर जर्मनमध्ये २०११ मध्ये आला. २००९ चं इंग्रजी भाषांतर त्याआधीचं, म्हणजे कापलेल्या प्रतीवरून केलेलं. मला तर कापलेलं पानच सगळ्यांत जास्त सांगणारं वाटतं. आधी सोबत असलेली माणसं फिरतात कशी, हाच तर प्रश्न आहे.

तिसरी, येनी एर्पेनबेकची २००८ ची 'हाइमझुखुंग'. ब्रांडेनबुर्गमधल्या तळ्याकाठचं एक घर आणि त्यात एकामागून एक राहून गेलेली माणसं. नावात 'घर शोधणं'ही आहे आणि 'संकट कोसळणं'ही. इंग्रजी 'व्हिजिटेशन'मध्ये पहिला अर्थ हरवला. इथं वाचक हमखास गोंधळतो, कारण बऱ्याच पात्रांना नावच नाही आणि माळी प्रकरणाआड परत येतो. एका कागदावर तीन रकाने पाड: प्रकरण, घरात कोण, जागा कुणाकडून आणि कशी मिळाली. वास्तुविशारद ज्यू शेजाऱ्यांची जमीन निम्म्या किमतीत घेतो. ती ओळ तिसऱ्या रकान्यात गेली की पुढचं सगळं तिच्याशी जोडलं जातं. शेवटी वारसांचे दावे येतात, ते १९९० च्या कायद्यामुळे: आधी मालमत्ता परत, ते जमत नसेल तरच भरपाई.

शेजारी १९३७ चा नकाशा ठेव, नाहीतर ब्रेस्लाउ आणि आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ, डान्झिग आणि तिथलंच ग्दान्स्क ही वेगवेगळी शहरं वाटत राहतील.

व्हिक्टर क्लेम्परर या नाझी काळातून वाचलेल्या ज्यू भाषाभ्यासकाची नाझी भाषेवरची टिपणं सलग वाचू नकोस, रोज दोन प्रकरणं पुरेत. 'फानाटिश', म्हणजे माथेफिरू, ही शिवी कौतुकाचा शब्द कशी झाली, एवढं एक प्रकरण मात्र सावकाश वाच.

आणि हे सगळं झाल्यावर एमिने सेव्गी ओझदामार, तुर्कस्तानातून येऊन जर्मनमध्ये लिहिणारी लेखिका. तुर्कस्तानशी मजुरांचा करार १९६१ चा, पण नागरिकत्व २००० पर्यंत मुख्यतः रक्तावर चाले, १९१३ च्या कायद्यानुसार. म्हणजे बर्लिनमध्ये जन्मलेलं मूलही परकंच. तुर्कीत जीभ आणि भाषा यांना एकच शब्द आहे, 'दिल'. ती हा दुहेरी अर्थ जर्मनमध्ये शब्दशः आणते आणि जर्मन वाक्य तुर्की चालीनं चालू लागतं. आधीच्या तिन्ही पुस्तकांतल्या 'गाव कुठलं?' या प्रश्नाला इथं जर्मनमध्येच, पण तुर्की जिभेनं उत्तर मिळतं.

फालाडाची कुठली प्रत हाती आली ते कळव. कापलेली असेल, तर गेलेल्या प्रकरणात काय होतं ते सविस्तर लिहून पाठवतो.

तुझा,
अविनाश