तंबोरे लावून देणाऱ्या काकांना, ग्वाल्हेरच्या लष्करहून

ती. काकांना सा. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं गाण्याचं सात दिवसांचं निवासी शिबिर नीट पार पडलं. माइक नाही, इलेक्ट्रॉनिक तानपुरा नाही, अशी अट आम्ही घातली खरी. निभावली ती तुम्ही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत ही अट सोपी नाही. धुक्याच्या पहाटे तारांचा सूर चढतो आणि तबल्याचा उतरतो. थंडीने तार आकसते, ताण वाढतो. दमट हवेने तबल्याच्या पुडीचं कातडं सैलावतं. ऊन आलं की सगळं उलट. पहाटेच्या खर्जाला (खालच्या सुरांच्या रियाजाला) जुळवलेली तंबोऱ्यांची जोडी अकराच्या वर्गाला तशीच चालेल, असं समजणाऱ्याची फजिती ठरलेली.

तुम्ही घालून दिलेला क्रम इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या मंडळींनाही मिळेल. गवसणी काढून तंबोरा गायच्याच खोलीत अर्धा तास राहू द्यायचा. हीटरपासून लांब, कारण भोपळा एका बाजूने तापला की तडकतो. मग तारांत ओवलेले मणी मधोमध आणायचे, नाहीतर शेवटी सरकवायला जागाच उरत नाही. आधी जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा), मग पंचमाची तार, शेवटी खर्ज (खालच्या षड्जाची तार). ढोबळ सूर खुंटीने, बारीक मण्याने: मणी घोडीपासून (तारा टेकतात त्या पट्टीपासून) दूर नेला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खर्ज लागली की जोड पुन्हा ऐकायची, कारण एका तारेचा ताण बदलला की दांडीवरचा एकूण भार बदलतो. खोली बदलली तर सगळ्यात जास्त हलते ती खर्जच. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं आणि ती तार मुळात सैलही असते.

जवारीचा दोरा, म्हणजे तारेचा झंकार खुलवायला तार आणि घोडी यांमध्ये घालतात तो, सगळ्यात शेवटी. सूर लागण्याआधीच दोऱ्याशी खेळणाऱ्यांना तुम्ही दटावलंत, ते बरंच केलंत. ताण बदलला की तारेचं घोडीवरचं टेकणं बदलतं, आधीची मेहनत फुकट जाते. सुती दोरा केसभर सरकवत जायचं. एका जागी तार खुलते, तिथून पुढे नुसती खरखर किंवा बोदा आवाज. खर्जेतून गंधार आपोआप ऐकू आला की हात काढून घ्यायचा. पेटीचा गंधार त्याहून थोडा चढा असतो, म्हणून पेटीवरून फक्त षड्ज घ्या आणि भाता बंद करा, हे तुमचं सांगणं काही पेटीवाल्यांना झोंबलं. पण बरोबर तुम्हीच होतात.

खुंट्यांचंही तसंच. घसरणारी खुंटी ठोकून बसवायची नाही. बाहेर काढून खडू चोळायचा आणि फिरवत फिरवत आत दाबायची. तार गुंडाळताना वेढे असे घ्यायचे की खुंटी आत ओढली जाईल. रात्री तारा उतरवून ठेवायच्या नाहीत, रोजच्या चढउताराने त्या खुंटीच्या भोकापाशी तुटतात. तबल्याला आधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे), मग गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडी, वादीच्या मधल्या समोरासमोरच्या घरांवर आळीपाळीने. आणि पुडी शेकोटीला धरायची नाही, शाईला (मधल्या काळ्या लेपाला) भेगा जातात.

मात्र सगळ्यात मोठे उपकार खोल्यांच्या वाटपाचे. आम्ही वयानुसार खोल्या दिल्या होत्या. तुम्ही पट्टीनुसार, म्हणजे ज्याचा षड्ज पेटीच्या ज्या पट्टीवर त्यानुसार, फिरवल्यात: काळी एकच्या पुरुषांशेजारी काळी चारच्या बायका, म्हणजे भिंतीपलीकडून आला तर षड्जाला पंचमच येतो. पांढरी चार आणि काळी तीन मात्र अंगणाच्या दोन टोकांना, कारण मध्ये अर्धाच सूर, आणि ऐन रियाजात शेजारचा षड्ज कानात घुसला की गळा तिकडेच ओढला जातो. संयोजकांच्या यादीत हा रकाना आता कायमचा.

हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी गळा गोड व्हावा म्हणून चिंचेचा पाला चघळायला सगळे गेले, तेव्हा तुम्ही तेवढ्यात तंबोऱ्यांच्या चार घोड्या तपासून ठेवल्यात. त्यातल्या दोन पुरुषी तंबोऱ्यांच्या घोड्यांवर तारांच्या चऱ्या पडल्या आहेत. तिथे दोऱ्याने काही होणार नाही, घोडीचा माथा घासून जवारी नव्यानेच काढावी लागेल. पावसाळ्याआधी तुम्हाला कोणता आठवडा सोयीचा, तेवढं कळवा. तंबोरे आम्हीच आणून पोचवू, तारा अर्ध्या सुराने उतरवून.

आपले,
शिबिरार्थी आणि संयोजक मंडळी
लष्कर, ग्वाल्हेर