चि. रेवास, पुस्तकाच्या बातमीनंतर

सांगली

चि. रेवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. त्यामुळे तुमच्या चित्रकथासंग्रहाची परदेशातल्या त्या महोत्सवात स्वतंत्र प्रकाशनांच्या अंतिम यादीत निवड झाल्याची बातमी तुझ्या आईला, मला आणि दाराशी उभ्या असलेल्या शेजारच्या वहिनींना एकाच वेळी कळली. आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. मला मात्र फोनवर धड बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. नऊ जणांनी पदरचे पैसे घालून, कोणत्याही प्रकाशकाकडे न जाता काढलेले मराठी पुस्तक इतक्या दूरच्या माणसांनी उघडून पाहिले आणि शेकडो पुस्तकांतून बाजूला काढून ठेवले, ही गोष्ट माझ्यासारख्या जन्मभर छापखान्यात राबलेल्या माणसाला किती मोठी वाटते, हे तुला वेगळे सांगायला नको.

आज सकाळी भिंग घेऊन मी सगळा संग्रह पुन्हा पाहिला. देवनागरी अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते, संवादाचा फुगा मोठा होतो आणि चित्राची जागा खातो. तरीही तुमच्या अक्षरलेखन करणाऱ्या मैत्रिणीने एकाही फुग्याच्या कडेला शिरोरेखा चिकटू दिलेली नाही. तुझ्या कथेत आजी चुलीवरून तवा उतरवते त्या चौकटीत एक शब्द नाही, आणि विस्तवाचा नारिंगी रंग निळ्या रेषेच्या बाहेर कुठेही गेलेला नाही. रिसोग्राफवर, म्हणजे तुमच्या त्या स्टेन्सिलच्या छपाई यंत्रावर, प्रत्येक रंगाला वेगळा ड्रम लागतो आणि कागद थोडा जरी सरकला तरी रंग रेषेबाहेर जातो, हे मला ठाऊक आहे. अशी जुळणी साधायला आमच्याकडचे मुरलेले मशीनमनसुद्धा पहिले कित्येक ताव वाया घालवत. तुम्ही हे रात्री जागून, भाड्याच्या यंत्रावर केलेत.

मग मी श्रेयपान पाहिले. खरे सांगायचे तर तो विषय आज काढायचा नाही असे मी ठरवले होते, पण राहवत नाही. ‘सर्व हक्क गटाकडे’ असे तिथे छापले आहे. हा गट म्हणजे कोण, बाळ? तुमची कुठे नोंदणी नाही, भागीदारीचा कागद नाही, बँकेत खाते आहे ते तुझ्या एकटीच्या नावावर. आता कुणी परदेशी प्रकाशक भाषांतराचे हक्क मागायला आला, तर तो कुणाशी बोलणार आणि सही कोण करणार? नऊ जणांतले दोघे एव्हाना गट सोडून गेले आहेत, असे तूच गणपतीत म्हणाली होतीस. त्यांच्या पानांचे काय? दोन कथा तर एकाने लिहिल्या आणि दुसऱ्याने काढल्या आहेत.

तूच मला बैरुतच्या ‘समंदल’ हे चित्रकथांचे नियतकालिक काढणाऱ्या गटाची हकीकत सांगितली होतीस. २००७ साली सुरू झालेल्या त्या नियतकालिकात कितीतरी चित्रकार काम करत होते, परंतु एका अंकावरून खटला झाला तेव्हा दंड भरावा लागला तो तीन संपादकांना. त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून गट जगवला, आणि पुढे २०१९ साली फ्रान्समधल्या अंगुलेम महोत्सवात त्याच गटाला पर्यायी चित्रकथांचा पुरस्कार मिळाला. तू हे सांगताना पुरस्कारावर थांबली होतीस. माझ्या मनात मात्र ती तीन माणसे राहिली, कारण मान सगळ्यांचा असला तरी कोर्ट माणसांची नावे विचारते. आमच्या वेळी १८६७च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालावेच लागे. ती एक ओळ राहिली म्हणून बांधून तयार झालेल्या गठ्ठ्यांवर आमच्या छापखान्यातल्या अण्णांनी रात्रभर बसून शिक्के मारलेले मी पाहिले आहेत.

कॉपीराइटचा १९५७चा कायदा मी काल रात्री काढून बसलो. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर लेखी कागद आणि सही लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तुमच्यात जे बोलणे झाले असेल ते मैत्रीत खरे, पण कागदावर प्रत्येकाचे पान आजही ज्याचे त्याचेच आहे. ते तसेच राहावे असेही माझे म्हणणे आहे. फक्त संग्रह म्हणून छापायची, भाषांतराला द्यायची परवानगी प्रत्येकाकडून लिहून घ्या, आणि मूळ चित्रे कुणाकडे राहतील तेही त्यातच लिहा. उपदेश लांबला, रागावू नकोस. आनंदाच्या पत्रात कलमे घालणारा बाप कुणालाच नको असतो.

पण मी छापखान्यात जे पाहिले ते जात नाही. चित्रकार पाऊण महिना खपून दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ करायचे, छपाईचा ब्लॉक बनून यायचा, अंक निघायचा, आणि मूळ चित्र कपाटामागे पडून राहायचे. ते न्यायला येण्याचा संकोच चित्रकारालाच वाटायचा. ‘टिंकल’ हे मुलांचे चित्रकथांचे नियतकालिक १९८० साली निघाले आणि त्यातला भोळसट सुप्पंदी राम वाईरकरांच्या हातून उतरला. सुप्पंदी ओळखणारी माणसे मला घरोघर भेटतात, वाईरकरांचे नाव सांगणारे क्वचित. कॉमिकमधल्या नागराजला पहिले रूप देणारे प्रताप मुळीक आपल्या पुण्याचे, हे तुला तरी मी सांगेपर्यंत कुठे माहीत होते?

आणि छापखान्यात माझ्याबरोबर असलेल्या नानाकाकांचे तर तू पाहिलेच आहेस. आमचे पैशांवरून फाटले, असे अजून सगळे समजतात. वास्तविक पाठ्यपुस्तकांचे मोठे काम मिळाले त्याच आठवड्यात, नव्या पाटीवर कुणाचे नाव वर यावे, यावरून ते फाटले. तोवर आम्हाला पाटीची गरजच पडली नव्हती, आणि वाईट दिवसांत तर कुणी नावाचा विषयही काढला नव्हता. तू तेव्हा कटिंग मशीनखाली पडलेल्या कागदाच्या लांब पट्ट्या गोळा करून त्यांवर चौकटी आखत बसायचीस, एका पट्टीवर एक गोष्ट, आणि नाना ती पट्टी कंपोझिंगच्या खिळ्यांच्या केसवर चिकटवून ठेवायचे. पट्टीच्या टोकाला तुझे नाव मोठ्या अक्षरांत लिहायला त्यांनीच तुला शिकवले.

तुम्ही सगळे एकमेकांवर जीव टाकता हे मला दिसते. म्हणूनच आत्ता, सगळे खुशीत असताना बसा. तुमच्या मैत्रीवर माझा विश्वास नाही असे समजू नकोस. तुझ्याइतकी माणसे सांभाळणारी मुलगी मी पाहिलेली नाही, आणि या पुस्तकाने माझ्या हयातीत मला जे दिले ते मी छापलेल्या कोणत्याही पुस्तकाने दिले नाही.

आईचे गुडघे बरे आहेत. ती म्हणते, बक्षीस मिळो न मिळो, जाणार असशील तर गरम कपडे इथूनच ने. संग्रहाच्या दहा प्रती पाठव, पैसे मी खात्यावर भरतो. त्यांतली एक नगर वाचनालयात द्यायची आहे. नानाकाकांची प्रत मात्र माझ्याकडे पाठवू नकोस. तू स्वतः सही करून ती सरळ त्यांच्या पत्त्यावर पाठव.

तुझे,
बाबा