रोमहून पत्र: मंडळीची पेटी

रोम

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की ज्या रोमन राज्यानं ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकलं, त्याच राज्याचा धर्म यांचा कसा झाला? ‘बादशहा कॉन्स्टंटाइनला स्वप्न पडलं’ हे उत्तर ऐकून तुम्ही नुसतं ‘हं’ केलंत. त्या ‘हं’चा अर्थ मला कळतो. जन्मभर तुम्ही सोसायटीचं दप्तर सांभाळलंत, म्हणून मीही दप्तराच्या बाजूनंच लिहिते.

मराठी बायबलात चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली माणसं असाच आहे, इमारत नव्हे. पहिली दोनशे वर्षं यांच्याकडे स्वतःची म्हणावी अशी इमारत जवळजवळ नव्हतीच. सीरियातल्या दुरा-युरोपोसमध्ये २४० च्या सुमाराचं जे प्रार्थनास्थळ सापडलं, ते साधं राहतं घर आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केलेली, शेजारच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. पुढे वेढा पडला तेव्हा तटाला आतून आधार द्यायला मातीचा भराव घातला, त्याखाली हे घर गाडलं गेलं आणि म्हणूनच टिकलं. तर इमारत नव्हती, पण मदतीच्या पैशांची पेटी होती.

पेटीचं महत्त्व कळायला आधी रोमन लोकांची स्वतःची मंडळं पाहावी लागतात. इथून आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर लानुवियम नावाचं गाव होतं. तिथल्या एका मंडळाचे नियम इ.स. १३६ च्या शिलालेखात कोरलेले सापडले आहेत. नाव डायाना देवीचं आणि देव मानलेल्या अँटिनूस नावाच्या तरुणाचं, काम मात्र सभासदांच्या अंत्यविधीचं. प्रवेश फी १०० सेस्टर्स (रोमन नाणं), शिवाय चांगल्या वाइनचा एक घडा. वर्गणी महिन्याला ५ अस. चार असांचा एक सेस्टर्स, म्हणजे वर्षाला १५ सेस्टर्स. सभासद वारला की मंडळाकडून ३०० सेस्टर्स. त्यातले ५० चितेपाशी आलेल्यांना वाटायचे. सलग सहा महिने थकबाकी राहिली तर हक्क गेला. आत्महत्या केली तरी गेला. गुलाम सभासदाचं प्रेत मालकानं दिलं नाही तर पुतळा करून विधी उरकायचा. आपल्याकडची भिशी आणि भजनी मंडळ एकत्र केलं की हे मंडळ होतं.

यात खोट एकच: जो भरतो त्यालाच मिळतं. ज्याच्यापाशी शंभर सेस्टर्स नाहीत, त्याचा या व्यवस्थेत विचारच नाही.

आता दुसरी वही उघडा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन हा मुळात वादपटू. १९७ च्या सुमाराला त्यानं आपल्या लोकांची बाजू मांडताना हिशेबच पुढे ठेवला. तो म्हणतो, आमच्याकडेही एक पेटी आहे. महिन्यातून एकदा, ज्याची इच्छा आणि ऐपत असेल त्यानं टाकावं, सक्ती नाही. पैसा मेजवान्यांवर जात नाही. जातो तो गरिबांना जेवू घालायला आणि पुरायला, आईबाप नसलेल्या मुलामुलींना, थकलेल्या म्हाताऱ्या गुलामांना, जहाज फुटून उघड्यावर पडलेल्यांना, आणि धर्मासाठी खाणीत, बेटावर किंवा तुरुंगात असलेल्यांना. रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं त्याआधी चाळीसेक वर्षं असंच लिहिलंय: रविवारच्या सभेत जमलेलं अध्यक्षापाशी ठेवायचं, आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचा पाहुणा यांची जबाबदारी त्याच्यावर. देणारा आणि घेणारा इथे वेगळे झाले. माझ्या मते खरी नवी गोष्ट ती हीच.

तुम्ही लगेच विचाराल, मग फुकट्यांचं काय? त्यांचा बंदोबस्त ‘दिदाखे’ नावाच्या एका अगदी जुन्या नियमावलीत आहे. फिरता प्रचारक आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. साधा वाटसरू असेल तर दोन-तीन दिवस सांभाळा. त्याला कायमचं राहायचं असेल तर हाताला धंदा हवा, त्यानं काम करून खावं. हे न मानणाऱ्यासाठी त्यांनी एक शब्दही घडवला होता, त्याचा अर्थ ‘ख्रिस्ताचा व्यापारी’. म्हणजे फसवणूक होत होती, आणि ती धरून नियम होते. नियम नसते तर पेटी दहा वर्षंही टिकली नसती.

तरीही पेटी बुडायचीच कधीकधी. कॅलिक्स्टस हा एका ख्रिस्ती मालकाचा गुलाम. मालकाच्या पैशावर त्यानं सावकारी पेढी चालवली, विधवांच्या आणि मंडळीतल्या लोकांच्या ठेवी घेतल्या आणि त्या बुडवल्या. पळून जहाजावर चढला, मालक दिसताच समुद्रात उडी मारली, लोकांनी बाहेर काढला, मालकानं दळायला जुंपला. पुढे दुसऱ्या एका प्रकरणात सार्डिनियाच्या खाणीत गेला. तिथले ख्रिस्ती कैदी सोडवण्यासाठी बादशहा कॉमोडसच्या मार्सिया नावाच्या रखेलीनं शब्द टाकला, तेव्हा तोही सुटला. हे सगळं त्याच्या कट्टर विरोधकानं लिहिलंय, त्यामुळे चारदोन आणे कमी करूनच वाचावं. पण याच माणसाला रोमच्या बिशपनं दफनभूमीचा कारभार दिला आणि २१७ च्या सुमाराला तो स्वतः बिशप झाला. दप्तराची बदनामी झालेला माणूस संस्थेच्या शिखरावर कसा जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानं सांभाळलेली ती दफनभूमी आप्पिया रस्त्यावर अजून आहे. हे ख्रिस्ती लोक भुयारांत लपून राहायचे, असं अनेक पर्यटक समजून येतात. तसं नव्हतं. रोमन कायद्यानं शहराच्या आत पुरणं किंवा जाळणं दोन्ही मना, त्यामुळे सगळ्यांच्याच कबरी वेशीबाहेर रस्त्यांच्या कडेला. जमीन महाग, मंडळीत गरीब फार आणि प्रेतं पुरायची, जाळायची नाहीत. मग खालीच जायचं.

रोमभोवतीचा तुफा हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड खणताना मऊ लागतो आणि हवा लागली की घट्ट होतो. खणणाऱ्यांना फोसोर म्हणत. जिना खोदून उतरायचं, मीटरभर रुंदीची गल्ली काढायची, दोन्ही भिंतींत माणसाच्या लांबीचे आडवे कोनाडे एकावर एक पाडायचे. प्रेत कापडात गुंडाळून आत, तोंडावर विटा किंवा संगमरवराची फरशी, सांध्याला चुना. पाटी परवडत नसेल तर ओल्या चुन्यात नाव कोरायचं, खूण म्हणून एखादा दिवा किंवा नाणं दाबून ठेवायचं. वरून खोदलेल्या उभ्या झरोक्यांतून माती काढायची, उजेड आणि हवाही तिथूनच. भिंत भरली की गल्लीची जमीनच खाली खणायची आणि खाली नवे कोनाडे घ्यायचे. त्यामुळे अशा गल्लीत जुनी कबर वर आणि नवी खाली असते; नवखा माणूस नेमकं उलटं धरतो. कॅलिक्स्टसच्या या दफनभूमीत चार मजले आणि सुमारे वीस किलोमीटर गल्ल्या आहेत. तिसऱ्या शतकातले नऊ बिशप इथे एका खोलीत आहेत आणि आजूबाजूला नाव नसलेल्या लहान मुलांचे असंख्य छोटे कोनाडे. मेल्यावर आपल्याला कुणी उघड्यावर टाकणार नाही, ही खात्री गरीब माणसाला लानुवियमचं मंडळ देऊ शकत नव्हतं.

छळाचं थोडक्यात सांगते, कारण तो सतत नव्हता. ११२ च्या सुमाराला प्लिनी या सुभेदारानं बिथिनियातून (आजच्या तुर्कस्तानातून) बादशहा ट्रेजनला विचारलं, यांचं काय करू? हे लोक शहरातच नव्हे, खेड्यापाड्यांतही आहेत आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, असं त्यानं लिहिलं. माहिती काढायला त्यानं दोन दासींना यातना दिल्या. त्या मंडळीतल्या ‘सेविका’ होत्या. म्हणजे गुलाम बायकांनाही तिथे पद होतं. ट्रेजनचं उत्तर: शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका.

साऱ्या साम्राज्यावर वार झाला तो बादशहा डेशियसच्या हुकमानं, २४९-५० मध्ये. प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा, वाइन ओतायची, बळीचं मांस चाखायचं आणि अधिकाऱ्यांसमोर तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. बळी देणारे पुष्कळ निघाले, पैसे चारून नुसता कागद मिळवणारेही. मग भांडण लागलं, की वादळ ओसरल्यावर या लोकांना परत घ्यायचं का? रोमची मंडळी यावरून फुटली. त्या भांडणातच बिशप कॉर्नेलियसनं २५१ मध्ये अँटिओकच्या बिशपला पत्र लिहून आपल्या संस्थेचं बळ मोजून दाखवलं: ४६ प्रेस्बिटर (धर्मगुरू), ७ डिकन (मदतीचं वाटप पाहणारे), ७ उपडिकन, ४२ अकोलाइट (त्यांचे मदतनीस), भूत उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२. आणि १५०० हून जास्त विधवा आणि गरजू, ज्यांना मंडळी पोसते. बिशप धरून १५५ माणसांचा कारभार, हुकूम येऊन गेल्यावरही उभा. भांडणात का होईना, माणसं खरे आकडे बाहेर काढतात.

पुढच्या बादशहांपैकी व्हॅलेरियनला नाडी बरोबर सापडली होती. २५७ मध्ये त्यानं सभा आणि दफनभूमीत जाणं बंद केलं. दुसऱ्या वर्षी ६ ऑगस्टला बिशप सिक्स्टसला दफनभूमीतच मारलं. पण व्हॅलेरियन स्वतः इराणच्या बादशहाच्या कैदेत पडला आणि मुलगा गॅलिएनसनं २६० मध्ये जागा परत केल्या. सरकारनं जप्त केलेली मालमत्ता बिशपच्या नावे परत दिली, की संस्था न सांगताच मान्य होते! २७२ मध्ये तर अँटिओकच्या मंडळीच्या घरातून पदच्युत बिशप पौल निघेना, म्हणून ख्रिस्ती लोक फिर्याद घेऊन बादशहा ऑरेलियनकडे गेले. त्यानं निकाल दिला, की इटलीचे आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात, जागा त्यांची. बादशहा सूर्याचा भक्त, पण निवाडा अगदी निबंधकासारखा.

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेला पंचनामा. १९ मे ३०३, बादशहा डायोक्लेशियनच्या हुकमानं उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावी सरकारी माणसं मंडळीच्या घरात शिरली. बिशप समोर बसलेला, कारकून लिहितोय: सोन्याचे पेले २, चांदीचे ६, चांदीच्या सुरया ६, चांदीचे दिवे ७, साखळ्यांचे पितळी दिवे ११. पुढे: बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या चपलांचे जोड १३, बायकांचे ४७. पुस्तकांची कपाटं रिकामी. जेवणघरात ४ रांजण आणि ६ मडकी. मंडळीच्या माणसांत फोसोरही हजर. वाटपाचं कोठार हे असंच असणार. बायकांचे ८२ आणि पुरुषांचे १६, या एका ओळीत मंडळीचा भार कुणासाठी होता ते दिसतं. रोमन कायदा विधवेला दोन वर्षांत पुन्हा लग्न कर म्हणायचा, नाहीतर वारशात दंड. मंडळी म्हणायची, नको असेल तर नको करू, आम्ही बघू.

वाढीचं गणित तुम्हाला आवडेल. एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं धरून चालायचा आकडा मांडला: इ.स. ४० मध्ये १००० माणसं आणि दर दहा वर्षांना ४० टक्के वाढ. वर्षाला साडेतीन टक्क्यांच्याही आत. चक्रवाढीनं ३०० सालापर्यंत ६३ लाख होतात. साम्राज्य सहा कोटींचं धरलं तर दहा टक्के. आकडा गृहीतच आहे, पण चमत्काराची गरज नव्हती एवढं त्यातून कळतं.

कॉन्स्टंटाइन ३१२ मध्ये आला तो या तयार संस्थेपाशी. त्यानं कार्थेजच्या बिशपला ३००० फोलिस एवढी रक्कम पाठवली, धर्मगुरूंना सरकारी वेठीतून सूट दिली. झालं! नगरसभेचे धनिक खर्चाच्या जबाबदाऱ्या चुकवायला धर्मगुरू व्हायला धावले, आणि त्यालाच मनाईचे कायदे काढावे लागले. सवलत दिली की सभासद कसे वाढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्याचा पुतण्या बादशहा ज्युलियन जुन्या देवांकडे परतला. ३६२ मध्ये त्यानं गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलं, की हे लोक त्यांच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज. म्हणून शहरोशहरी धर्मशाळा काढा. गलातियासाठी वर्षाला ३०,००० मोदी गहू आणि ६०,००० सेक्स्तारी वाइन मंजूर. आपल्या मापात सुमारे २०० टन गहू आणि ३३ हजार लिटर वाइन. एक पंचमांश पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना, बाकी वाटसरू आणि भिकाऱ्यांना. कोठार मंजूर झालं, पण कुठल्या गल्लीत कोणती विधवा उपाशी आहे ही यादी त्याच्या पुजाऱ्यांपाशी नव्हती. ती दोनशे वर्षं डिकन ठेवत आले होते. दुसऱ्याच वर्षी जूनमध्ये ज्युलियन इराणच्या स्वारीत मारला गेला.

आईला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावायचं विसरू नका.

तुमची लेक

ता. क. लानुवियमच्या मंडळाचे दंडही लिहून ठेवलेत. जेवणात जागा सोडून भटकून गोंधळ केला तर ४ सेस्टर्स, दुसऱ्याला शिवी दिली तर १२, आणि अध्यक्षाला उद्देशून अपशब्द काढला तर २०. सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवा.