सल्लागार समितीत फक्त नोकरी देणारेच का?

महोदय,

फौजदारी न्याय या विषयाचा पदवी अभ्यासक्रम चालवणाऱ्या अनेक विद्यापीठांत बाहेरच्या मंडळींची एक सल्लागार समिती असते. पोलीस, तुरुंग, न्यायालय आणि परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवणे) खात्यांतील अधिकारी वर्षाकाठी एक-दोनदा जमतात, अभ्यासक्रमावर मत देतात, आभारप्रदर्शन होते आणि इतिवृत्त फाइलला लागते. समिती असावी याबद्दल दुमत नाही, परंतु तिच्यात कोण बसते आणि तिच्या सल्ल्याचे पुढे काय होते, याची विचारपूस फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

पोलीस खाते आणि विद्यापीठ यांचे नाते या विषयाच्या जन्मापासूनचे आहे. अमेरिकेत बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले. पुढे 1968 च्या कायद्याने पोलिसांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्रीय कर्जे आणि अनुदाने मिळू लागली, तशी अशा अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढली. मात्र पोलीस फाउंडेशन या तिथल्या पोलीसविषयक संशोधन संस्थेने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने 1978 च्या अहवालात स्पष्ट ठपका ठेवला, की यांतील बरेचसे शिक्षण संकुचित असून पदवीच्या नावाखाली खात्यातले प्रशिक्षणच दिले जात आहे. नोकरी देणाऱ्यांच्याच गरजा ऐकत राहिल्यास अभ्यासक्रम कुठे जाऊन पोहोचतो, याचा हा चांगला दाखला आहे.

एक उदाहरण घेऊ. नव्या पदवीधरांना अहवाल लिहिता येत नाही, ही खात्यांकडून हमखास येणारी तक्रार आहे आणि ती खोटीही नाही. समितीत फक्त अधिकारी असतील, तर उपाय ठरलेला असतो : अहवाललेखनाचा एक पेपर वाढवा, नमुने द्या, व्याकरण तपासा. पण त्याच टेबलाशी बचाव पक्षाचा वकील बसलेला असेल, तर तो ‘इसम संशयास्पद हालचाली करताना आढळला’ या वाक्यावर बोट ठेवून विचारील, की त्याने नेमके केले काय, पाहणारा किती अंतरावर होता, उजेड होता का आणि जबाब घटनेनंतर किती वेळाने घेतला? व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले हे वाक्य उलटतपासणीत टिकत नाही, हे विद्यार्थ्याला पदवी घेण्यापूर्वी कळायला हवे. गुन्ह्याची झळ सोसलेली व्यक्ती त्याच चर्चेत आणखी एक गोष्ट सांगू शकेल, ती म्हणजे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावल्यावर माणूस कसा मिटून जातो. शिक्षा भोगून बाहेर आलेल्याला समितीत घ्यायचे म्हटले की भुवया उंचावतात. परंतु सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ओळखपत्र, निवारा आणि परिवीक्षा अधिकाऱ्यापुढची हजेरी यांचा मेळ कसा बसतो, किंवा बसत नाही, हे त्याच्याइतके नेमके कोण सांगणार?

अधिकाऱ्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मुद्देमालाची नोंद, डिजिटल पुराव्याची हाताळणी अशा बाबी पाठ्यपुस्तकांपेक्षा लवकर बदलतात आणि हा बदल त्यांच्याकडूनच कळतो. शिवाय भरतीपूर्व चारित्र्यपडताळणीत कोणत्या गोष्टी आडव्या येतात, हे त्यांना ठाऊक असते. ही माहिती विद्यार्थ्याला प्रवेश घेतानाच मिळायला हवी. शेवटच्या वर्षी कार्यानुभवाचे (इंटर्नशिपचे) अर्ज भरताना ती पहिल्यांदा कानावर पडत असेल, तर दोष समितीचा आणि विभागाचा, दोघांचाही आहे.

तरीही समितीने सल्लाच द्यावा. काय शिकवायचे याचा निर्णय प्राध्यापकांचा आणि अभ्यास मंडळाचा आहे. पोलिसी बळाच्या गैरवापरावरचा पाठ एखाद्या सदस्याला खटकला म्हणून तो गाळता कामा नये. ज्या खात्यात विद्यार्थी कार्यानुभवासाठी जातात, त्या खात्याविरुद्ध त्यांची तक्रार आली, तर तिथल्या प्रतिनिधीने त्या चर्चेपुरते बाहेर बसावे.

विद्यापीठांनी सदस्यांची नावे, त्यांची मुदत आणि बैठकांची इतिवृत्ते जाहीर करावीत, प्रत्येक शिफारस स्वीकारली की नाकारली आणि का, हे पुढच्या बैठकीपूर्वी लेखी कळवावे, आणि समितीतील निम्म्या तरी जागा नोकरी देणाऱ्या खात्यांबाहेरच्या व्यक्तींना द्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक