रतनवाडीहून आल्यावर

पुणे,
16 जुलै

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र. शनिवारी-रविवारी आम्ही चौघं रतनवाडीला जाऊन आलो: मी, मेधा, सई आणि आप्पा. संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी करत पोचायला संध्याकाळ झाली. शेंडीपासून भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालत रस्ता जातो आणि मग डोंगराच्या अंगावर नुसती भाताची खाचरं. रतनगड दोन्ही दिवस ढगात होता. अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, गाभाऱ्यात पाणी भरलेलं. पण खरं सांगायचंय ते शेताचं.

ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत, गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशी महादेव कोळी. सकाळी सहालाच त्यांच्या घरात कुणी नव्हतं, सगळे खाचरात. पूर्वी आवणीला डोक्यावर पानांची इरली असायची, आता निळ्या प्लॅस्टिकचे घोंगते. सईनेही एक घेतला आणि चिखलात उतरली. तिने लावलेली पहिली दहा-बारा रोपं पाण्यावर तरंगायला लागली. मावशींनी तिचा हात धरला. तीन-चार काड्या, अंगठा मुळांवर, दोन बोटं बाजूने, आणि चिखलात एकदाच खाली. "पान दाबू नको पोरी, मूळ दाब." हात बाहेर काढताना चिखल आपोआप मिटतो. मग एक पाऊल मागे. अर्ध्या तासाने सईची ओळ उभी राहिली, वाकडी, पण उभी.

मी मात्र पाणी बघत बसलो होतो. वरचं खाचर भरलं की बांधाच्या कोपऱ्यातल्या खाचेतून पाणी खालच्यात पडतं, तिथून त्याखालच्यात, असं थेट ओढ्यापर्यंत. खाच जास्त खोल झाली तर वरचं खाचर कोरडं पडतं; उथळ राहिली तर पाणी बांधावरून वाहतं आणि बांधच घेऊन जातं. वरच्या खाचरांतलं पाणी लवकर ओसरतं म्हणून तिथे हळवं, लवकर तयार होणारं भात; तळाला पाणी टिकतं तिथे गरवं, उशिरा येणारं. मावशींचा मुलगा उजाडायच्या आत बांधावरून फिरतो आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवतो. स्वतःच्या बांधाचीच नव्हे, शेजारच्याचीही. शेजारी कामाला नारायणगावला गेलाय, त्याचा बांध फुटला तर खालच्या सगळ्यांचं रोप वाहून जाईल, एवढंच तो म्हणाला. पकडलेले खेकडे रात्री रश्श्यात होते, सोबत नागलीची भाकरी. आप्पांनी दोन खाल्ल्या.

आप्पा इतकं बोलताना मी आईच्या माघारी पाहिले नव्हते. मावशी राबाचं, म्हणजे रोप टाकायची जमीन आधी भाजायचं, सांगत होत्या, तर त्यांचं वाक्य आप्पाच पुरं करायचे. ऐनाच्या झाडाचा टाहाळ, शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग. तण जळतं, राख मातीत उतरते, मग रोप जोमाने येतं. भोरकडे हे सगळं त्यांनी लहानपणी केलेलं. मला कधी बोलले नव्हते, आणि मीही विचारलं नव्हतं.

एका गोष्टीने मात्र जीव तुटला. भंडारदऱ्याचं धरण 1926 सालचं, पाणी गावाच्या पायाशी. ते कालव्यांनी खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला जातं आणि इथल्या बायका चैत्र-वैशाखात हंडे घेऊन वणवण करतात. पावसाळा संपला की शेतीचं पाणीही संपलं, म्हणून पोरं मजुरीला घाट उतरतात. हे मला कुठल्याही हिशेबाने पटत नाही.

दिनू, आता तुझ्याकडे वळतो. मावळातली तुमची तीन खाचरं दोन वर्षं पडीक आहेत. तू म्हणतोस, परवडत नाही, आणि मजुरीचे आकडे मलाही ठाऊक आहेत. पण तुमची खाचरं उताराच्या मधोमध आहेत. तुमचा बांध ढासळला की खालच्या काकांच्या खाचरात गाळ जातो, हे तूच मला गेल्या वर्षी सांगितलं होतंस. विकायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण या पावसात निदान बांध तरी बांधून घे. मी दोन रविवार येतो, फावडं चालवायला.

निघताना मावशींनी घरच्या काळभाताचं बी दिलं, फडक्यात बांधून. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल 2020 सालची पद्मश्री मिळाली ना, तेव्हापासून आमच्या जुन्या बियाला लोक विचारायला लागले, असं मावशी म्हणाल्या. तुमच्याकडे इंद्रायणीच, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलेली. ती राहू दे. पण एका कोपऱ्यात हे लावून बघू. अर्धं बी तुझ्या नावाने वेगळ्या डब्यात ठेवलंय, कडुलिंबाचा पाला घालून. राब वैशाखात भाजावा लागेल, आणि तो कसा रचायचा ते आप्पा सांगणार आहेत. त्यांनी तारीख विचारलीय. कळव.

वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
विनायक